माथेरानची गाडी टेबलावर

खेळण्यातली आगगाडी गोल गोल फिरते. ती कोठून निघाली आणि कोठे चालली, हे कोणी विचारत नाही. प्रतिकृतीचे तसे नसते. ती एका ठरावीक मार्गाची आणि एका ठरावीक काळाची असते. म्हणून करवत हातात घेण्यापूर्वी कागद, पेन्सिल आणि थोडे गणित लागते. ते कसे करायचे, हे आपण नेरळ-माथेरान या मार्गाच्या उदाहरणाने पाहू.

प्रथम माहिती गोळा करा. हा मार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने बांधला गेला. काम १९०४ साली सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. मार्गाची लांबी सुमारे २० किलोमीटर आहे. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर, तर माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्थानके लागतात. बोगदा मात्र एकच. दोन रुळांमधील अंतर, म्हणजे गेज, ६१० मिलिमीटर आहे. सर्वांत तीव्र चढ १:२० आहे. म्हणजे २० मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर जाते.

या आकड्यांतूनच मार्गाचे स्वरूप उलगडते. नेरळपासून माथेरानपर्यंत ७६० मीटर चढायचे आहेत. १:२० पेक्षा तीव्र चढ घ्यायचा नाही, असे ठरवले की ७६० गुणिले २०, म्हणजे १५,२०० मीटर तरी रूळ हवेतच. स्थानकांजवळ सपाट जागा लागते आणि काही ठिकाणी चढ सौम्य ठेवावा लागतो. लांबी २० किलोमीटरवर का गेली, हे आता लक्षात येईल. एवढे रूळ सरळ रेषेत मावत नाहीत, म्हणून मार्ग डोंगराच्या अंगाने वळसे घेत वर जातो.

आता प्रमाण ठरवू. बाजारात ९ मिलिमीटर गेजचे तयार रूळ मिळतात. ६१० ला ९ ने भागले की सुमारे ६८ येतात. म्हणून आपले प्रमाण १:६८. डबे, माणसे, झाडे, स्थानकाचे छप्पर, सारे याच प्रमाणात हवे. एक जरी वस्तू वेगळ्या प्रमाणात झाली, तरी डोळ्यांना ते लगेच खटकते.

या प्रमाणात सबंध मार्ग केला तर? रुळांची लांबी सुमारे २९४ मीटर आणि डोंगराची उंची सुमारे ११ मीटर होईल! तीन मजली इमारतीएवढा डोंगर वर्गात मावणार नाही. मग पाचही स्थानके दाटीवाटीने एकाच फळीवर बसवावीत काय? तसे केले, तर नेरळहून सुटलेली गाडी हातभर अंतरावर माथेरानला पोहोचेल आणि घाट दिसणारच नाही. म्हणून आपण एकच तुकडा निवडायचा. तो कोणता, हे या मार्गाच्या खुणांवरून ठरवू: चढ, तीव्र वळण, बोगदा आणि इंजिनाला पाणी देणारे वॉटर पाइप स्थानक.

लांबी कमी करता येते, पण चढ कमी करून चालत नाही. चढ हे गुणोत्तर आहे. मोठ्या गाडीला १:२०, तर छोट्या गाडीलाही १:२०.

२४० सेंटिमीटर लांब व १२० सेंटिमीटर रुंद फळी घ्या. पुढच्या बाजूने १५० सेंटिमीटर सरळ मार्ग, मग ४० सेंटिमीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ आणि मागच्या बाजूने परत १५० सेंटिमीटर मार्ग. अर्धवर्तुळाची लांबी सुमारे १२६ सेंटिमीटर भरते. एकूण झाले ४२६. त्यांतील सुरुवातीचे ६६ स्थानकासाठी व शेवटचे ६० बोगद्यासाठी सपाट ठेवा. उरलेल्या ३०० सेंटिमीटरवर १:२० ने १५ सेंटिमीटर चढ मिळेल. दर २० सेंटिमीटरला ठोकळ्याची उंची १ सेंटिमीटरने वाढवत जा. चढाच्या दोन्ही टोकांना उतार हळूहळू बदला, नाहीतर डब्यांच्या कड्या सुटतील. बोगद्यात शिरलेली गाडी डोंगरामागे थांबली की पाहणाऱ्याला ती माथेरानला गेल्यासारखी वाटेल.

४० सेंटिमीटरचे वळण म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे २७ मीटर. मोठ्या रुळांच्या, म्हणजे ब्रॉडगेज मार्गावर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण चालत नाही. याच प्रमाणात तेवढ्या वळणाला अडीच मीटरहून अधिक त्रिज्या लागली असती! या छोट्या मार्गासाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याने बांधलेल्या चार इंजिनांना सहा-सहा चाके होती. पुढचा व मागचा आस वळणावर किंचित फिरू शकेल, अशी त्यांत सोय होती. तुमचे डबेही आखूडच करा.

काळही नेमका ठरवा. ही वाफेची इंजिने सुमारे पाऊणशे वर्षे धावली. पुढे डिझेल इंजिने आली. वाफेचा काळ निवडला, तर पाण्याची टाकी हवी. प्रत्यक्षात दूर असलेल्या जागा तुम्ही जवळ आणल्या असतील, तर तसे पाटीवर स्पष्ट लिहा. नकाशा काढणाराही प्रमाण लिहूनच नकाशा पुरा करतो.

शेवटी एक प्रयोग. १ मीटर लांबीच्या फळीवर रूळ बसवून एक टोक ५ सेंटिमीटर उचला आणि इंजिन किती डबे ओढते, ते पाहा. या चढावर गाडीच्या वजनाचा विसावा हिस्सा तिला मागे खेचत असतो. दर टनामागे ५० किलोग्रॅम! निलगिरीच्या घाटात चढ सुमारे १:१२ आहे आणि तेथे रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवलेली आहे. आपली फळी तेवढी उचलली, तर टोक किती उंच होईल? तेथे तुमचे इंजिन चढते की घसरते? करून पाहा, म्हणजे दातांचे कारण आपोआप कळेल.