संस्थेचे नाव संस्थेच्याच नावावर : 'डॉट इन' पत्त्याची नोंदणी

शेतजमिनीचा व्यवहार करताना आपण प्रथम सातबाराचा उतारा पाहतो. जमीन कोण कसतो यापेक्षा ती कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न तेथे निर्णायक ठरतो. संकेतस्थळाच्या पत्त्याबाबत मात्र ही सावधगिरी क्वचितच बाळगली जाते. सहकारी संस्था, महिला बचत गट, शाळा, लहान उद्योजक असे सारेच आज इंटरनेटद्वारे ग्राहकांपर्यंत पोहोचू लागले आहेत. यास्तव हा पत्ता म्हणजे काय, तो कोठे व कसा नोंदवावयाचा, याची माहिती सर्वांना असणे अगत्याचे आहे.

पत्त्यामागील व्यवस्था

इंटरनेटला जोडलेले संगणक एकमेकांस अंकांनी ओळखतात. हे अंक माणसाच्या लक्षात राहणे कठीण. म्हणून १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने अंकांऐवजी नावे वापरण्याची पद्धती मांडली. तीच आजची डोमेन नाव पद्धती होय. या पत्त्याचा शेवटचा भाग महत्त्वाचा असतो. प्रत्येक देशासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण यादीतील दोन अक्षरांचा संकेत त्यासाठी स्वीकारण्यात आला. जपानसाठी 'जेपी', जर्मनीसाठी 'डीई', तद्वतच भारतासाठी 'इन'.

भारताला हा संकेत १९८९ साली मिळाला. प्रारंभी त्याची व्यवस्था मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती. त्या काळचे नियम कडक असल्याने २००४ अखेरपर्यंत जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली. २००५ साली नवे उदार धोरण अमलात आले आणि हे काम नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजेच 'निक्सी', या ना-नफा संस्थेकडे सोपविण्यात आले. तेव्हापासून 'डॉट इन' व 'डॉट को डॉट इन' यांसारखे पत्ते सर्वांना खुले झाले. काही विभाग मात्र राखीव आहेत. 'डॉट गव्ह डॉट इन' केवळ शासकीय कार्यालयांना मिळते, तर 'डॉट एसी डॉट इन' हे शिक्षणसंस्थांसाठी आहे. बँकांच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीस आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा स्वतंत्र विभाग जाहीर केला.

नोंदणीची रीत

सामान्य नागरिक निक्सीकडे थेट नोंदणी करीत नाही. निक्सीने मान्यता दिलेल्या नोंदणीकार कंपन्यांमार्फत ती करावी लागते. प्रथम हवे असलेले नाव शिल्लक आहे काय, हे त्यांच्या संकेतस्थळावर पाहावे. नावात रोमन अक्षरे, अंक व संयोगचिन्ह वापरता येते. परंतु संयोगचिन्ह आरंभी किंवा शेवटी चालत नाही. जो प्रथम येईल त्याला नाव, हा येथील नियम आहे. त्यानंतर नोंदणी करणाऱ्याचे नाव, पत्ता, दूरध्वनी व ई-मेल यांची खरी माहिती द्यावी आणि ओळखीची पडताळणी पूर्ण करावी. नोंदणी एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत करता येते.

मराठी भाषिकांच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट अशी की, २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरी लिपीत 'डॉट भारत' हा पत्ताही उपलब्ध झाला आहे. मराठी व कोकणीसह आठ भाषांना त्याचा लाभ मिळतो. तथापि सर्वच संगणक प्रणाली देवनागरी पत्ते सारख्या सुलभतेने स्वीकारीत नाहीत. म्हणून देवनागरी व रोमन अशी दोन्ही नावे घेणे इष्ट.

येथे सावध राहावे

समजा, कोकणातील एखाद्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने संकेतस्थळ तयार करण्याचे काम ओळखीच्या तरुणाकडे दिले. त्याने सोयीसाठी पत्ता स्वतःच्या नावावर व स्वतःच्या ई-मेलवर नोंदविला. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला. मुदत संपत आल्याची सूचना त्याच्याकडे जाते. संस्थेला काहीच कळत नाही. ऐन हंगामात संकेतस्थळ बंद पडते. मुदतीनंतर काही दिवस जादा शुल्क भरून नाव सोडविता येते, पण तो अधिकार नोंदणीदाराचा, म्हणजे त्या तरुणाचा. तो अवधीही टळला की नाव कोणासही घेता येते. पेट्यांवर छापलेला पत्ता उद्या परक्याच्या दुकानाकडे नेऊ शकतो.

हा प्रसंग टाळणे अवघड नाही. नोंदणीदार म्हणून संस्थेचेच नाव द्यावे. ई-मेल एखाद्या व्यक्तीचा नसून संस्थेचा असावा. खात्याचा परवलीचा शब्द किमान दोन पदाधिकाऱ्यांपाशी असावा. नूतनीकरणाची तारीख सभेच्या इतिवृत्तात नोंदवावी. नोंदणीकार बदलण्यासाठी लागणारा संकेतांक मागण्याचा नोंदणीदारास हक्क आहे, हेही ध्यानात ठेवावे.

तंट्याचे निवारण

दुसऱ्याने वाईट हेतूने आपल्या नावाशी मिळतेजुळते नाव घेतले, तर निक्सीच्या तंटा निवारण धोरणानुसार तक्रार करता येते. नामसादृश्य, प्रतिपक्षाचा हक्क नसणे व त्याचा दुष्ट हेतू या तीन गोष्टी लवादापुढे सिद्ध कराव्या लागतात. त्या सिद्ध झाल्यास नाव रद्द होते किंवा तक्रारदाराकडे हस्तांतरित होते. न्यायालयाचा मार्गही खुला आहे. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ' व 'रॅडिफ' या केवळ एका अक्षराचा फरक असलेल्या नावांच्या वादात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे प्रकरणात हेच तत्त्व मान्य केले.

परंतु तंटा जिंकण्यापेक्षा तो उद्भवू न देणे केव्हाही स्वस्त. संस्थेने अनेक वर्षांच्या सचोटीने मिळविलेले नाव ही तिची खरी ठेव आहे. ती कोणाच्या नावावर नोंदलेली आहे, एवढी एक चौकशी प्रत्येक संस्थेने आपल्या येत्या सभेतच करून घ्यावी.