‘गेम गेला’ म्हणू नका, कसा गेला ते लिहा

गाडी चालवण्याच्या खेळाचं मोठं अपडेट आलं की आमच्या लालबाग-परळच्या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप मध्यरात्रीपर्यंत वाजत असतो. मागच्या पावसाळ्यातल्या अपडेटने तर कहरच केला. ‘गेम गेला’, ‘ब्रेकची वाट लागली’, ‘पैसे पाण्यात’, ‘सगळ्यांनी एक स्टार टाका’. ग्रुपमध्ये वयाने मी थोरला, त्यामुळे तक्रारी गोळा करून कंपनीला कळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असं कुठल्याही खेळात घडतं. पण त्या उठाठेवीत जे हाती लागलं ते इतरांच्या उपयोगी पडेल.

या खेळांची ओळख नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. यात शर्यत नसते. बस थांब्याला नीट लावायची, दार उघडायचं, माणसं घ्यायची, सिग्नल पाळायचे आणि वेळेत शेवटचा थांबा गाठायचा. गाडी कुठे घासली की कमाईतून पैसे कापले जातात. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा ‘युरो ट्रक सिम्युलेटर 2’ 2012 साली आला आणि आजही जोरात चालतो. मोबाइलवाल्यांचा लाडका ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ 2017 चा. त्यात हौशी लोकांनी बनवलेल्या गाड्या, म्हणजे मॉड, घालता येतात. म्हणूनच इंडोनेशियाच्या रस्त्यावर आपली एसटीची लालपरी धावताना दिसते. आमच्या पोरांचा जीव मात्र बेस्टच्या लाल डबलडेकरवर. मुंबईत डबलडेकर बस आली 1937 साली. जुन्या डिझेल डबलडेकरने शेवटची फेरी मारली ती 15 सप्टेंबर 2023 ला. आता एसी इलेक्ट्रिक डबलडेकर आहेत, पण त्या वेगळ्या. जुनी गाडी निदान पडद्यावर तरी चालवावी म्हणून लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून जुनं स्टिअरिंग आणायचं, दहा बाय बाराच्या खोलीत ते टेबलाला आवळायचं आणि पेडलच्या आवाजावरून खालच्या मजल्यावरच्या काकूंची बोलणी खायची. एवढं केल्यावर अपडेटने गाडी बिघडली तर माणूस चिडणारच.

चिडायला हरकत नाही. पण चिडून लिहिलेल्या तक्रारींचं पुढे काय झालं ते ऐका. बहुतेकांना एकच उत्तर आलं: ‘आमच्याकडे असं घडत नाही, अधिक माहिती द्या.’ ग्रुपवर आणखी भडका उडाला. ‘पैसे घेताना बरी माहिती लागत नाही!’ कित्येकांनी उत्तर द्यायचंच टाळलं, आणि कंपनीने त्या तक्रारी बंद करून टाकल्या. बिघाड जिथल्या तिथे.

आमचे एक काका बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, वडाळा डेपोत. त्यांच्या कानावर हे गाऱ्हाणं घातलं तेव्हा ते हसलेच. म्हणाले, “‘ब्रेक लागत नाही’ एवढंच लिहिलंत? अरे, आमचा मेकॅनिक विचारायचा, पेडल खाली जातंय की कडक झालंय? गाडी एका अंगाला ओढते का? सकाळच्या पहिल्या फेरीला होतं की दुपारी गाडी तापल्यावर? भरलेली असताना की रिकामी? एवढं सांगितलं की गाडीखाली शिरायच्या आधीच त्याला अर्धं कळायचं. आणि त्याच्यासमोर गाडी तरी उभी असायची. तुमचा मेकॅनिक सातासमुद्रापार, त्याला काय दिसतंय?”

सगळी मेख इथेच आहे. ‘पुटी’ या सॉफ्टवेअरचा कर्ता सायमन टॅथम याने 1999 साली लिहिलेला बिघाड कळवण्याविषयीचा लेख अजूनही संगणकवाले एकमेकांना वाचायला देतात. त्याचा गाभाही हाच: दुरुस्त करणाऱ्याला तो बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी बघता आला पाहिजे. आपण शेजारी बसून दाखवू शकत नाही, तेव्हा आपल्या लिहिण्यावरून त्याला तो घडवता यावा.

हँडब्रेकची गोष्ट

ग्रुपमधल्या ‘ब्रेक लागत नाही’ म्हणणाऱ्यांना मी एकेक करून फोन केले, तेव्हा निघालं की प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे. एकाची बस थांब्यावर उभी असताना आपोआप मागे सरकत होती. हँडब्रेकचा लाल दिवा लागलेला, दार उघडं, माणसं चढतायत आणि बस निघाली उताराला. तीच बस, तोच थांबा, पण दुसऱ्याकडे काही होत नव्हतं.

ग्रुपमधला डिप्लोमाला शिकणारा एक मुलगा चिकाटीचा. त्याने एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायचं ठरवलं. पाऊस बंद करून पाहिला, गाडी बदलली, मॉड काढले. बस सरकतच होती. मग त्याने स्टिअरिंगशेजारचा हँडब्रेकचा दांडा सोडून कीबोर्डचं बटण वापरलं आणि बस जागच्या जागी थांबली. पुन्हा दांडा लावला, पुन्हा सरकली. पण तेही खेळ नव्याने उघडल्यावरच. दांडा एकदा खालीवर केला की सगळं ठीक. म्हणजे सेव्ह केलेला खेळ उघडताना हँडब्रेक ओढलेला आहे हे पडद्यावरच्या दिव्याला कळत होतं, पण दांडा हलेपर्यंत चाकांना कळत नव्हतं. कंपनीतला तपासणारा कीबोर्डवर तपासत असेल तर त्याच्याकडे हे जन्मात घडणार नव्हतं. ‘आमच्याकडे असं घडत नाही’ हे उत्तर खोटं असेलच असं नाही.

मग आम्ही नव्याने लिहिलं:

*1. चढावरच्या थांब्यावर बस उभी करून दांड्याने हँडब्रेक ओढला.*
*2. खेळ सेव्ह करून पूर्ण बंद केला.*
*3. पुन्हा उघडला, दांड्याला हात न लावता तोच सेव्ह सुरू केला.*
*काय व्हायला हवं: बस जागेवर राहावी.*
*काय होतं: दिवा लागलेला दिसतो, पण बस मागे सरकते.*
*किती वेळा: दांडा असेल तर दर वेळी, कीबोर्डवर एकदाही नाही. सगळे मॉड काढूनही होतं.*

सोबत खेळाची आवृत्ती, स्टिअरिंगचं मॉडेल, लॉग फाइल (खेळ स्वतःच्या कामाची ठेवतो ती नोंद), तो सेव्ह आणि छोटं स्क्रीन रेकॉर्डिंग. या वेळी उत्तरात प्रश्न नव्हता. दोष सापडला, दुरुस्ती करतो, असं आलं. पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, ती झालीही.

बिघाड, बदल की मॉड?

लिहायला बसण्याआधी अपडेटसोबतची बदलांची यादी वाचा. आमच्यातल्या काहींचा ब्रेक ‘कमी लागत होता’, तो बिघाड नव्हताच. भरलेल्या बसला थांबायला जास्त अंतर लागावं असा बदल कंपनीने मुद्दाम केला होता आणि यादीत तसं छापलंही होतं. तो आवडला नसेल तर ‘आवडला नाही, कारण अमुक’ असं मत म्हणून कळवा. मताला किंमत असते, पण बिघाड म्हणून पाठवलं की ते चुकीच्या माणसाकडे जातं आणि तिथेच पडून राहतं.

मग मॉड. खेळ आतून बदलला की जुने मॉड मोडतात, हे ठरलेलं. आमची डबलडेकर अपडेटनंतर आरपार दिसायला लागली. तिची तक्रार कंपनीकडे करून उपयोग नव्हता, ती ज्याने बनवली त्याला सांगायची. म्हणून आधी सगळे मॉड काढा आणि नव्याने सुरू केलेल्या खेळात बिघाड घडतो का ते पाहा. घडला तर कंपनीकडे, नाही घडला तर मॉडवाल्याकडे.

खेळ अडखळत असेल, म्हणजे लॅग होत असेल, तर स्वतःच्या यंत्राकडेही एकदा बघा. मे महिन्यात बंद खोलीत लॅपटॉप तापला की तो आपणहून वेग कमी करतो. पेडलचंही असंच: काही संचांत खेळ सुरू झाल्यावर पेडल एकदा दाबेपर्यंत ते अर्धं दाबलेलं आहे असंच खेळाला वाटतं. खेळ सुरू करताना तिन्ही पेडल एकेकदा तळापर्यंत दाबून सोडायची सवय ठेवा, निम्मे ‘ब्रेक अडकले’ तिथेच सुटतील.

लिहिताना

एका तक्रारीत एकच बिघाड. पाच गोष्टींची खिचडी केली की सोपी एक दुरुस्त होते आणि तक्रार बंद होते.

आधी कोणी तेच कळवलंय का ते शोधा. कळवलं असेल तर नवीन तक्रार टाकण्यापेक्षा त्यातच आपलं यंत्र, स्टिअरिंग आणि आवृत्ती यांची भर घाला.

‘अपडेटनंतर’ एवढं पुरत नाही, आवृत्तीचा पूर्ण आकडा उतरवून घ्या. तारखेत महिना अक्षरांत लिहा. आपला 05/06 म्हणजे 5 जून, अमेरिकेत तो 6 मे होतो.

जे दिसलं ते लिहा, अंदाज वेगळा लिहा. ‘तुमचं फिजिक्स बिघडलंय’ हा अंदाज झाला. ‘उभी बस मागे सरकते’ हे दिसलेलं.

आणि इंग्रजीची धास्ती सोडा. आमच्यातले कित्येक जण केवळ इंग्रजीच्या भीतीने गप्प बसले होते. अशा तक्रारीला अलंकारिक इंग्रजी लागतच नाही. आधी मराठीत पायऱ्या मांडा, मग एकेका ओळीचं साधं भाषांतर करा. व्याकरण चुकलं तरी क्रम बरोबर असला की काम होतं. शिव्यांचं भाषांतर करायच्या भानगडीत पडू नका. वाचणारा पगारी नोकर असतो, अपडेट काढायचा निर्णय बहुधा त्याचा नसतो.

अपडेटच्या आधी

सेव्हची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा. क्लाउडवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इथला सेव्ह बिघडला की क्लाउडवरही बिघडलेलाच जाऊन बसू शकतो. स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात खेळ उघडतानाच अपडेट घ्यायची सोय आहे, गुगल प्लेवर एखाद्या खेळापुरतं आपोआप अपडेट बंद करता येतं. काही खेळ जुनी आवृत्तीही उपलब्ध ठेवतात. ‘युरो ट्रक’मध्ये स्टीमच्या बीटा विभागातून ती निवडता येते. मॉडवर जीव असणाऱ्यांनी पहिले काही दिवस थांबावं, इतरांचा अनुभव ऐकावा आणि मग अपडेट घ्यावं.

स्टार, पैसे आणि भामटे

एक स्टार हा तुमचा हक्क आहे, पण त्याने हँडब्रेक दुरुस्त होत नाही. तो येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असतो. द्यायचाच तर कारण लिहा आणि दुरुस्ती झाल्यावर तो बदला.

पैसे परत मागायचे तर मुदत ध्यानात ठेवा. स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असाल तर खेळ परत करता येतो. गुगल प्लेवर साधारण 48 तासांच्या आत मागणी करावी लागते. वर्षभर खेळल्यावर अपडेटने घोळ घातला तर हा रस्ता बहुधा बंद झालेला असतो, म्हणूनही नीट लिहिलेली तक्रार मोलाची.

शेवटचं, पण हलक्यावर घेऊ नये असं. आमच्या एका पोराने वैतागून चारचौघांत लिहिलं की माझा सेव्ह उडाला. लगेच ‘कंपनीचा प्रतिनिधी’ म्हणवणाऱ्याचा निरोप आला: सेव्ह परत देतो, फोनवर आलेला कोड सांग. पोरगं शहाणं, त्याने आधी ग्रुपवर विचारलं. कोणतीही खरी कंपनी पासवर्ड किंवा ओटीपी मागत नाही. चुकून दिलाच आणि पैसे गेले, तर क्षणभरही न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. लॉग फाइल पाठवण्याआधी उघडून पाहा, तिच्यात संगणकाला दिलेलं तुमचं नाव असू शकतं. रेकॉर्डिंग करण्याआधी व्हॉट्सॲपची नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर घरच्या गोष्टी परदेशी पोहोचतील.

पॅच आला की पुन्हा त्याच पायऱ्या करून पाहा आणि ‘सुटलं’ किंवा ‘अजून होतंय’ हे कळवा. हे फारसं कोणी करत नाही, पण दुरुस्ती खरोखर झाली की नाही हे कंपनीला त्यावरूनच पक्कं कळतं.

तेव्हा पुढच्या अपडेटला मित्रांपुढे हवी तेवढी आदळआपट करा, ग्रुप त्यासाठीच असतो. मात्र कंपनीला लिहायच्या आधी तो बिघाड स्वतःच्या हाताने पुन्हा एकदा घडवून पाहा. घडला तर पायऱ्या लिहा. नाही घडला तर ‘एकदाच घडला’ असं प्रामाणिकपणे लिहा. तेवढं केलंत तरी तुमची तक्रार इतरांच्या चार पावलं पुढे असेल.