बाबासाहेबांचे वीजधोरण आणि आपल्या घराचे छत

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण जाणतो. वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता, याची चर्चा मात्र क्वचितच होते. 25 ऑक्टोबर 1943 रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना, वीज मुबलक व स्वस्त मिळाल्याखेरीज औद्योगिकीकरण होणार नाही आणि त्यावाचून जनतेची दारिद्र्यातून सुटका नाही, अशी मांडणी त्यांनी केली. त्यांचा भर ‘स्वस्त’ या शब्दावरही तितकाच होता.

अकोला जिल्ह्यात पारसला वीज तयार होते. तरीही उन्हाळ्यातले बिल पाहून वऱ्हाडातल्या गृहिणीला धडकी भरतेच. दोनशे वॅटचा कूलर रोज बारा तास चालला, तर महिन्याला 72 युनिट होतात. घराचा वापर शंभर युनिटांपलीकडे गेला, की पुढच्या युनिटांना चढा दर लागतो.

छतावरचा एक किलोवॅटचा सौर संच महिन्याला सुमारे 120 युनिट वीज देतो. त्याला शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा पुरते. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या वाहिनीत जाते आणि नेट मीटरद्वारे रात्रीच्या वापरातून वजा होते. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. बॅटरी नसलेला संच पुरवठा खंडित होताच थांबतो, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. आपल्याकडच्या उष्म्याने पॅनेलची क्षमता थोडी घटते. धूळ तर नियमित पुसावीच लागते.

2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन वा अधिक किलोवॅटला 78,000 रुपये केंद्रीय अनुदान आहे. दारिद्र्यरेषेखालील आणि शंभर युनिटांपेक्षा कमी वापराच्या घरांसाठी राज्याने त्यात भर घातली असून, अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना ती सर्वसाधारण गटापेक्षा अधिक आहे. आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी शेजाऱ्यांचे अर्ज भरून द्यावेत, एवढी अपेक्षा गैर नाही.

घरकुलाच्या स्लॅबवर असा संच सहज बसतो. परंतु अमरावतीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बांधकाम मजुराला स्वतःचे छतच नाही. त्याच्या बिलाचे उत्तर या योजनेत मला सापडलेले नाही.