शक्तीचा व्यायाम आणि पोटभर अन्न



कवायत घेताना मुलांचे हातपाय सरळ आहेत की नाहीत, हे आपण पाहतो. त्यांच्या पोटात काय आहे, हे क्वचितच विचारतो. मी शिक्षक असताना माझ्याही हातून ही चूक घडली. सकाळी सहावीच्या वर्गाकडून बैठका करवून घेत असता एक मुलगा घेरी येऊन पडला. आदल्या संध्याकाळपासून तो उपाशी होता. त्यापूर्वी दोनदा मी त्याला वर्गासमोर आळशी म्हटले होते. तेव्हापासून व्यायामाचा पाठ अन्नापासून सुरू करावयाचा, असा मी नियम केला.

आपल्या जिल्ह्याला कुस्तीची परंपरा आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली लातूर येथे महाराष्ट्र केसरी झाले व १९७० साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. तालमीत जोर-बैठकांच्या जोडीने खुराकाचाही विचार होतो, तो उगाच नव्हे. व्यायामाने स्नायूंवर ताण पडतो. पुढे विश्रांतीत शरीर त्यांची बांधणी करते व त्यासाठी प्रथिने लागतात. मात्र एकंदर अन्नच अपुरे असेल, तर शरीर प्रथिनेही इंधनासारखी जाळते. घराचे वासे काढून चुलीत घालावेत, तसाच हा प्रकार होय.

व्यायाम कसा घ्यावा?

१. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड घ्यावा. साधनांची आवश्यकता नाही.
२. प्रथम जागेवर धावून अंग मोकळे करावे. नंतर पाच बैठका व भिंतीला हात टेकून पाच जोर, अशी तीन आवर्तने करावीत. मध्ये थोडा विसावा द्यावा.
३. हे सहज जमू लागल्यावरच एक-दोन बैठका वाढवाव्यात. शिक्षा म्हणून बैठका कधीही देऊ नयेत.
४. मुलींनाही हाच व्यायाम द्यावा.

लहान वयात शक्ती वाढते ती मुख्यतः मज्जातंतूंना वळण लागल्यामुळे. स्नायूंचा आकार पौगंडावस्थेपर्यंत फारसा वाढत नाही. म्हणून दंडाचे माप घेऊन मुलांची तुलना करू नये.

अन्नाचा हिशेब

दहा ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे १०, तीस ग्रॅम तुरीच्या डाळीतून ६ आणि पंचवीस ग्रॅम शेंगदाण्यांतून ६ ग्रॅम मिळतात. पहिली ते पाचवीच्या शालेय आहारातून १२ व सहावी ते आठवीच्या आहारातून २० ग्रॅम मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे महागड्या डब्यातील भुकटीवाचूनही गरज भागते. ज्वारीत जे कमी असते ते डाळ भरून काढते. म्हणून भाकरी-वरणाची जोड मोडू नये. आपल्या शिवारातील सोयाबीनही उत्तम. मात्र ते कच्चे न देता नीट शिजवून द्यावे.

चाकूर तालुक्यातील शिक्षकांनी परिपाठाच्या वेळी एकच प्रश्न विचारावा : “आज काय खाऊन आलात?” तो चारचौघांत न विचारता जवळ जाऊन, हळू आवाजात विचारावा. जो उपाशी असेल त्यास सावलीत बसवावे व शक्तीचा व्यायाम दुपारच्या भोजनानंतर दोन तासांनी घ्यावा. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत, त्या मुलांकडे विशेष लक्ष असावे. शाळेतील भोजन पोटभर मिळते की नाही, हे पाहणे हाही शारीरिक शिक्षणाचाच तास होय.