तीन घरे, एक गाडी

पंढरीची वारी आपल्याला ठाऊक आहे. शिर्डी, शिंगणापूर, जेजुरी आपण करतो. पण शेजारच्या दोन घरांना बरोबर घ्यावे, गाडी करावी आणि देवदर्शनाबरोबर जुनी ठिकाणेही पाहून यावी, हे आपल्या गावात अजून फारसे कोणी करत नाही. ज्यांनी केले त्यांतले पुष्कळजण परत येताना एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण बहुधा पैशावरून होते. म्हणून आम्ही कसे गेलो आणि काय पाहिले, ते इथे सांगतो.

आमचे गाव नेवाशाजवळचे. 2024 सालची दिवाळी झाली होती. सोयाबीन घरात आले होते, मुलांना सुटी होती. तात्यांच्या घरची पाच माणसे : तात्या, काकी, मुलगा, सून आणि नात. गवंडीमामांकडची चार : मामा, मामी आणि दोन मुली. शिवणकाम करणारी मावशी आणि तिचा नातू, ही दोन. मिळून अकरा. काकी, मामी आणि मावशी तिघीही रात्रीच्या साक्षरता वर्गाला येतात.

दौलताबाद, वेरूळ आणि अजिंठा पाहायचे ठरले. रविवारी रात्री निघावे, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, असा तात्यांचा बेत होता. शेजारच्या गावचे भजनी मंडळ मागे मंगळवारी वेरूळला गेले होते. लेण्यांचे दार बंद. बिचारे बाहेरूनच डोंगर पाहून परतले. ही गोष्ट मावशीला आठवली. मग सुनेने चौकशी केली. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. म्हणजे तात्यांच्या बेताने गेलो असतो तर दोन्हीकडे कुलूपच पाहिले असते! मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुवार आणि शुक्रवार यांभोवती गोल काढला आणि तिथे स्वतःच्या हाताने ‘जाणे’ असे लिहिले.

आता गाडी. एकाने साडेआठ हजारांत जीप देऊ केली. तिची पाटी पांढरी होती. मामा म्हणाले, “स्वस्त हाय, घेऊन टाकू.” तात्यांच्या मुलाने नको म्हटले. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असली तर ती गाडी घरच्या वापराची. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते आणि तिच्यावर काळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीच्या गाडीला भाड्याने माणसे नेण्याचे परमिट नसते. वाटेत अपघात झालाच, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. अडीच हजार वाचवायला जाऊन अकरा जिवांचा भार कोणी घ्यावा? आम्ही पिवळ्या पाटीची, चालकासह तेरा आसनांची गाडी केली. दोन दिवसांचे अकरा हजार, डिझेल आणि चालकाचा भत्ता त्यातच. रात्री गाडी चालवायची नाही, हेही आधीच बोललो. हे सगळे एका कागदावर लिहिले आणि गाडीवाल्याची सही घेतली. सही मागितली म्हणून तो थोडा हसला, पण सही केली.

मुलांच्या खिशात एकेक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर मुलाचे नाव, गावाचे नाव आणि दोन फोन नंबर. चिठ्ठ्या आयांनी आणि आज्यांनीच लिहिल्या. मामींचे अक्षर वाकडे होते, पण वाचता येत होते.

गुरुवारी पहाटे निघालो. प्रवरासंगमाला गोदावरी ओलांडली. उजाडले तशा मुली खिडकीतून रस्त्याकडेचे दगड वाचू लागल्या. या दगडांचे एक सांगायला हवे. दगडाचे डोके पिवळे असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवे असेल तर राज्य महामार्ग. खाली गावाचे नाव आणि किलोमीटर. ते वाचता आले की किती आलो, किती राहिले, हे कोणाला विचारावे लागत नाही. काकी दर दगडाला वाचून दाखवत होत्या. शेवटी तात्या म्हणाले, “अगं, जरा डोळा लागू दे की!”

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, मागे टाकले की सुमारे पंधरा किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला लागतो. याचे जुने नाव देवगिरी. ही यादवांची राजधानी. आमच्या नेवाशाला ज्ञानेश्वर महाराजांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा इथे रामदेवराव यादव राज्य करत होता. पुढे सहाच वर्षांनी, 1296 साली, अल्लाउद्दीन खिलजी चालून आला आणि रामदेवरावाला हार खावी लागली. वेढ्याची एक गोष्ट लोक सांगतात. किल्ल्यावर धान्याच्या म्हणून गोण्या चढवल्या होत्या. उघडून पाहतात तो आत मीठ! ही गोष्ट ऐकून मामी म्हणाल्या, “गोणीवर लिहिलं न्हवतं का कुणी?” 1327 साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली, गावाला दौलताबाद नाव दिले आणि काही वर्षांनी पुन्हा दिल्लीला नेली. त्यात गोरगरिबांचे किती हाल झाले असतील, याचा विचार करावा.

किल्ल्याची रचना मात्र पाहण्यासारखी. डोंगराचा कडा चोहोबाजूंनी तासून उभा केला आहे. भोवती खंदक. दाराला लोखंडी खिळे, म्हणजे हत्तीने धडक मारू नये. वर जायच्या वाटेत एक काळोखा बोगदा आहे, त्याला अंधारी म्हणतात. आत वटवाघळे. मावशीचे गुडघे दुखतात, म्हणून ती आणि काकी खालीच चांदमिनाराच्या सावलीत बसल्या. हा मनोरा बहामनी राजवटीतला, सुमारे 210 फूट उंच. सगळ्यांनी सगळे चढलेच पाहिजे, असा हट्ट आम्ही धरला नाही.

तिथून खुलदाबादवरून गेलो. भद्रा मारुतीचे दर्शन घेतले. इथे मारुती आडवा निजलेला आहे. जवळच औरंगजेबाची कबर आहे. तो 1707 साली वारला. एवढा मोठा बादशहा, पण कबर अगदी साधी, वर छतसुद्धा नाही.

दुपारी वेरूळला पोचलो. आधी घृष्णेश्वर. हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा काढावा लागतो. वेरूळ हे शिवाजी महाराजांच्या आजोबांचे, मालोजीराजे भोसल्यांचे गाव. त्यांनी या देवळाची दुरुस्ती केली. पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ते बांधून काढले. आम्ही देवळाबाहेरच्या झाडाखाली भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला आणि लेण्यांकडे गेलो. तिकिटे प्रत्येकाने आपापली काढली. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नव्हते.

वेरूळला पाहायची 34 लेणी आहेत. पहिली बारा बौद्धांची, मधली सतरा हिंदूंची, शेवटची पाच जैनांची. तिन्ही धर्मांचे लोक एकाच डोंगरात शेजारी शेजारी कोरत होते. दहाव्या लेण्याला लोक सुतारझोपडी म्हणतात. छताला लाकडी वासे असावेत तसे दगडी वासे कोरले आहेत. पण आमचा सगळा वेळ सोळाव्या लेण्यात गेला. ते कैलास.

आत गेल्यावर मामा बोलेनातच. गवंडीकाम करता करता त्यांचे केस पांढरे झाले. ते खांबाजवळ गेले, जोत्याजवळ गेले, पुन्हा मागे आले. मग म्हणाले, “याला सांधा कुठं न्हाई.” खरेच आहे. हे देऊळ बांधलेले नाही. पाया खणला नाही, चुना लावला नाही, दगडावर दगड ठेवला नाही. आधी डोंगराच्या माथ्यावरून चर खाली नेले आणि मधला खडक वरून खाली कोरत आणला. कळस आधी झाला आणि जोते मागून. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकातले, हे काम आहे. अंगण सुमारे 276 फूट लांब, 154 फूट रुंद. मागचा कडा शंभर फुटांहून उंच. दोन लाख टन दगड काढून टाकला असावा, असा जाणकारांचा अंदाज आहे. एका ट्रकमध्ये दहा टन धरले तर वीस हजार ट्रक झाले. तेव्हा ट्रक नव्हते, सुरुंगाची दारू नव्हती. हातोडा, छिन्नी आणि माणसे.

मामांनी मुलींना जवळ बोलावले. “आमची भिंत वाकडी गेली तर आम्ही पाडतो, पुन्हा बांधतो. हितं छिन्नी चुकली की तो दगड पुन्हा जोडता येत न्हाई. वरच्या माणसाला खालचं आधीच दिसत असंल, तवाच हे जमलं.” मुलींनी बापाला असे बोलताना कधी ऐकले नव्हते. मजूर म्हणून लोक त्यांना हाका मारतात, तेवढेच त्यांना माहीत. संध्याकाळी रखवालदाराने बाहेर काढीपर्यंत तिघे तिथेच होते.

मुक्काम शहरात. दोन खोल्या घेतल्या, एक बायकांची, एक पुरुषांची. नोंदवहीत मावशीने स्वतःचे नाव लिहिले. तिथला माणूस अंगठ्याची शाई पुढे करत होता, ती तिने परत सरकवली.

शुक्रवारी सकाळी लवकर निघालो. अजिंठा तिथून सुमारे शंभर किलोमीटर. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवावी लागते. पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जायचे. गाड्यांच्या धुराने चित्रे खराब होऊ नयेत म्हणून ही सोय आहे. चालकाला तेवढ्यात झोप मिळाली, तेही बरेच झाले.

वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे. त्या कड्यात लहानमोठी मिळून तीस लेणी आहेत. सगळ्यात जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची, बाकीची बहुतेक पाचव्या शतकातली. आत बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या कथा रंगवल्या आहेत. राजे आहेत, तशाच पाणी भरणाऱ्या बायका, माकडे, हत्ती, कमळेही आहेत. पहिल्या लेण्यातला हातात कमळ घेतलेला पद्मपाणी पाहताना सगळे आपोआप गप्प झाले.

काकींनी विचारले, दगडावर रंग बसला कसा? तिथल्या माहीतगाराने सांगितले ते ऐका. दगडावर आधी मातीचा गिलावा. मातीत भाताचा कोंडा, गवत, शेण. वरून चुन्याचा पातळ हात. मग रंग. तांबडा गेरूचा, पिवळा मातीचा, काळा काजळीचा. निळा दगड तेवढा दूर अफगाणिस्तानकडून आणलेला. मावशी हसून म्हणाली, “म्हंजे आपलंच सारवण की!” खरे आहे. आपल्या भिंती ज्या मालाने लिंपतात, त्याच मालावर ही चित्रे दीड हजार वर्षे टिकली आहेत. पण आता ती नाजूक झाली आहेत. घामट हात लागला की पापुद्रा सुटतो. म्हणून हात लावू देत नाहीत, झगमगाट करून फोटोही काढू देत नाहीत.

1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असता त्याला ही लेणी दिसली. त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव आणि तारीख खरडून ठेवली. ते अजून आहे. हे ऐकताच मावशीच्या नातवाने खिशातून खिळा काढला. त्यालाही नाव लिहायचे होते! मावशीने मनगट धरले. तो म्हणाला, “आज्जे, सायबानं लिव्हलंय की.” मावशी म्हणाली, “सायेब चुकला. तुझं नाव वहीत लिही.” जुन्या संरक्षित वास्तूची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा कायदा आहे. पण मावशीला तो कायदा ठाऊक नव्हता.

परतताना बसला गर्दी झाली. मामांची धाकटी मुलगी पुढच्या बसमध्ये चढली आणि बस सुटली. मामी रडू लागल्या. मामा रस्त्याने पळत सुटले. दहा मिनिटांनी सुनेचा फोन वाजला. “मुलगी फाट्यावर माझ्याजवळ आहे, सावकाश या.” बसचा कंडक्टर बोलत होता. त्याने खिशातली चिठ्ठी वाचली होती. मामींनी वाकड्या अक्षरात लिहिलेली तीच. खाली पोचलो तेव्हा मुलगी बाकावर बसून बिस्किट खात होती. मामींनी आधी तिला एक धपाटा घातला, मग पोटाशी धरले.

रात्र व्हायच्या आत घरी पोचायचे म्हणून वाटेत आणखी कुठे थांबलो नाही.

शनिवारी तात्यांच्या ओट्यावर हिशेबाला बसलो. निघण्यापूर्वी माणशी दीड हजार जमा केले होते, म्हणजे 16,500 रुपये. गाडीचे 11,000, खोल्यांचे 2,200, चहा-जेवणाचे 1,980, टोल आणि गाडी उभी करण्याचे 330. एकूण 15,510. कोणी म्हणाले, तीन घरे आहेत, तीन वाटे करा. मावशी काही बोलली नाही. पण काकींनी पाटी घेतली. तीन वाटे केले तर एका घराला 5,170 येतात. मावशीच्या घरची माणसे दोन आणि तात्यांच्या घरची पाच! तिने एवढे का भरावे? म्हणून डोकी मोजली. माणशी 1,410. मावशीचे 2,820, मामांचे 5,640, तात्यांचे 7,050. जमेतून उरले 990, म्हणजे माणशी नव्वद परत. तात्यांना 450, मामांना 360, मावशीला 180. तुम्हीही पाटीवर मांडून बेरीज जुळते का ते पाहा.

मावशीने 180 रुपये मोजून घेतले, वहीत ‘मिळाले’ असे लिहिले आणि खाली सही केली. मग तिने विचारले, पुढच्या वर्षी लोणारचे तळे बघायचे का, आणि तिथे बंद कोणत्या वारी असते.