पित्त, पित्त म्हणता म्हणता

चैत्रात आमच्या शेतात रोडग्यांची पंगत होती. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि रोडगा फोडून त्यावर ओतलेलं तूप. वाढता वाढता उशीर झाला, शेवटच्या पंगतीत मी जेवले. रात्री साडेबाराला कळ आली आणि मी दचकून उठले. बरगड्यांच्या मधोमध, खाली, कुणीतरी मूठ आवळून धरावी तशी. मग ती उजवीकडे सरकली आणि पाठीत, फऱ्याखाली जाऊन बसली. पडवेना, बसवेना. दोनदा उलटी झाली. आत्याबाई उठून आल्या. म्हणाल्या, "पित्त झालं असन. तुपाचं खाल्लं ना बाई." त्यांनी आमसुलाचं पाणी दिलं, ह्यांनी डब्यातली पित्ताची गोळी दिली. पहाटे तीनला कळ थांबली. गोळीनं गुण आला, असं आम्ही सगळे धरून चाललो.

मी उंद्रीची. चिखली तालुक्यातलं हे गाव, कागदावर उदयनगर. गावात अंगणवाडी सेविका म्हणून माझी बरीच वर्षं गेली. गरोदर बायांना तपासणीला पाठवणं हे माझं रोजचं काम, आणि तरी स्वतःची तपासणी करायला मला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत काय चुकलं ते इथं सांगते आहे, कारण तेच आता आजूबाजूच्या दोन-तीन घरांत होताना मी बघते आहे.

पहिली चूक शब्दाची. आपण छातीत जळजळलं तरी पित्त म्हणतो, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त उठलं म्हणतो, आणि यकृतातून येतो तो हिरवट-पिवळा रसही पित्तच. जळजळ पोटातल्या आम्लाची असते, गांधी ॲलर्जीच्या. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. त्यातला थोडा यकृताखालच्या पेरूच्या आकाराच्या पिशवीत साठून घट्ट होत राहतो. पिशवीत मावतो तो जेमतेम ३० ते ५० मिली. तेल-तूप पोटात गेलं की ही पिशवी आवळते आणि रस आतड्यात सोडते. रसातलं कोलेस्टेरॉल जास्त झालं किंवा पिशवी नीट रिकामी होईना, की खडे धरतात. आम्लाच्या गोळीचा या खड्यांशी काही संबंध नाही.

मग कळ थांबत का होती? पिशवी आवळताना खडा तिच्या तोंडाशी अडकतो, म्हणून कळ येते. दोन-चार तासांनी तो मागे घसरतो, कळ आपोआप जाते. त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं. माझ्या बाबतीत ते आधी गोळीला मिळालं, मग आमसुलाला, पुढे ओव्याला.

आषाढात एका शेजारणीनं "खडा असन तुला" म्हणून पानफुटीची पानं आणून दिली. आमच्याकडे खडा म्हटला की मुतखडाच. महिनाभर सकाळी उपाशीपोटी दोन पानं चावली, कुळथाचा काढा घेतला, तांब्या-तांब्यानं पाणी प्यायले. प्यालेलं पाणी मूत्रपिंडातून जातं, पित्ताच्या पिशवीतून जात नाही, हे मला नंतर कळलं. पित्ताचा खडा 'पडावा' म्हणून धडपडणंच मुळात धोक्याचं, कारण पिशवीतून निसटलेला खडा मोठ्या पित्तनलिकेत जातो. ती नलिका आतड्याला मिळते तिथंच बहुधा स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. तिथं खडा अडकला की कावीळ होते किंवा स्वादुपिंडाला सूज येते. ती सूज जिवावर बेतू शकते.

श्रावणात खामगावला सोनोग्राफीला गेले, तर चहा-पोळी खाऊन गेले. परत पाठवलं. खाल्ल्यावर पिशवी आवळून रिकामी होते, मग आतलं धड दिसत नाही. दुसऱ्या दिवशी उपाशी गेले. डॉक्टरांनी पोटावर थंड जेल लावलं आणि मला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं. "हे बघा, तुम्ही वळल्या तसे खडेही घरंगळले." पडद्यावर पांढरे ठिपके होते आणि प्रत्येकाच्या मागे काळी सावली. अनेक खडे, मोठ्यात मोठा ९ मिमी. याआधी काढलेल्या एक्स-रेत काहीच आलं नव्हतं. पित्ताचे बहुतेक खडे एक्स-रेत दिसत नाहीत, म्हणून 'एक्स-रे चांगला आहे' यावर कुणी निश्चिंत राहू नये.

सर्जननी सांगितलं, कळा येताहेत तर पिशवी काढून टाकू, दुर्बिणीनं. मी घाबरले. आईचं हेच ऑपरेशन १९८६ सालचं. तिच्या पोटावर उजव्या बरगडीखाली वीतभर व्रण होता आणि ती दीड महिना अंथरुणात होती. माझ्या डोळ्यांसमोर तेच. पण आईच्या वेळी दुसरा मार्गच नव्हता. पोट उघडून पिशवी काढण्याची रीत बर्लिनच्या लांगेनबुखपासूनची, १८८२ ची. दुर्बिणीनं ती पहिल्यांदा काढली जर्मनीतल्याच एरिक म्यूह यांनी, १९८५ मध्ये. आपल्या देशात ते झालं १९९० ला, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांच्या हातून. आईचं ऑपरेशन चार वर्षं उशिरा झालं असतं तर तिचे हाल वाचले असते, असं मला अजून वाटतं.

मला तर दुर्बिणीची सोय मिळत होती, आणि मी म्हटलं, सोयाबीन निघू द्या. मग नवरात्र आलं. नऊ दिवसांचे उपास, संध्याकाळी साबुदाण्याची तेल-दाण्याची खिचडी. दिवसभर पोटात काही नाही म्हणून रस पिशवीत तसाच साठतो, आणि एकदम तेलकट खाल्लं की पिशवी जोरात आवळते. दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. लघवी काळ्या चहासारखी, संडास पांढरट मातीसारखी, अंगाला खाज. आत्याबाईंनी माझी पापणी खाली ओढून बघितली आणि त्या गप्पच झाल्या.

कावीळ म्हटल्यावर घरच्यांनी मला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्यानं चुन्याच्या पाण्यात माझे हात धुतले, पाणी पिवळं झालं. दोन दिवस गेले. ही कावीळ वाट अडल्याची होती. ती हातावाटे निघणार कशी? तापात बडबडायला लागले तेव्हा गाडी करून अकोल्याला नेलं.

तिथं तोंडातून दुर्बिणीची नळी आतड्यापर्यंत घालून नलिकेतला खडा काढला. डॉक्टर त्याला ईआरसीपी म्हणतात. नलिकेत प्लॅस्टिकची छोटी नळी, स्टेंट, ठेवली. ताप उतरल्यावर काही दिवसांनी पिशवीचं ऑपरेशन झालं. श्रावणात एका भुलीत उरकलं असतं ते दोनदा झालं, आणि स्टेंट काढायला तिसरी खेप. स्टेंटची तारीख विसरू नका. आत राहिला तर तो तुंबतो आणि पुन्हा ताप-कावीळ होते.

ऑपरेशन मात्र मी घाबरले होते तसं काहीच नव्हतं. पूर्ण भूल. बेंबीशी एक आणि वर तीन अशी चार छिद्रं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी दोन्ही नीट ओळखून क्लिपा लावतात, कापतात आणि पिशवी बेंबीतून बाहेर काढतात. फक्त खडे काढून पिशवी ठेवली तर ती पुन्हा खडे धरते. संध्याकाळी मी उठून चालले. टाक्यांपेक्षा उजवा खांदाच जास्त दुखला. तो गॅसमुळे दुखतो, दोन-तीन दिवसांत थांबतो. तिसऱ्या दिवशी घरी. पिशवी नसली तरी रस यकृतातून थेट आतड्यात उतरतो, जेवण पचतं. मला महिनाभर तेलकट खाल्लं की पातळ व्हायचं, आता वरण-पोळी-भाजी सगळं चालतं.

डॉक्टरांनी खडे एका डबीत दिले. वाळल्यावर हातात घेतले तर अगदी हलके, तुरीच्या दाण्यासारखे तपकिरी, एकमेकांवर घासून कोपरे सपाट झालेले. अंगणवाडीत येणाऱ्या बायांना मी ती डबी दाखवते.

त्यांना जे सांगते तेच इथं सांगते. सोनोग्राफीत खडे दिसले पण कधीच कळ आली नाही, तर ऑपरेशनची घाई बहुतेकांना लागत नाही. डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. बाळंतपणं झालेल्या बायांना, अंगानं स्थूल असणाऱ्यांना आणि झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांना खडे जास्त होतात. कळ येऊन गेली असेल तर मात्र पुढच्या हंगामावर ढकलू नका. सहा तासांवर कळ, थंडी-ताप किंवा डोळे पिवळे, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. पन्नाशीपुढच्या माणसाला असं दुखलं तर आधी ईसीजी काढून घ्या, हृदयाचं दुखणंही असंच फसवतं. दुर्बिणीनं सुरू केलेलं ऑपरेशन अवघड वाटल्यास सर्जन पोट उघडतात, ते रुग्णाच्या भल्यासाठीच असतं. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली का ते विचारा आणि तो रिपोर्ट फाईलला लावा. घरी आल्यावर ताप, वाढतं पोटदुखणं किंवा पिवळे डोळे दिसले तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका. खर्चाची धास्ती असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, कुठल्या दवाखान्यात बसतं ते तो सांगतो.

परवा शेजारची सून आली होती. दुसरं बाळ आठ महिन्यांचं. रात्री पोटात कळ येते, पाठीत जाते, आणि "ताई, पित्ताची गोळी घेतली की थांबते" म्हणाली. मी तिच्यापुढं डबी उघडली. बुधवारी तिची सोनोग्राफी आहे, मी सोबत जाणार आहे. सकाळचा चहासुद्धा घ्यायचा नाही, हे तिला दोनदा सांगून ठेवलं आहे.