एकाच देहात दोन व्याधी : आफ्रिकेतील एच.आय.व्ही. आणि रक्तदाब

जगातील एच.आय.व्ही. बाधितांपैकी निम्म्याहून अधिक लोक सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहतात. दक्षिण आफ्रिकेत २००४ साली सरकारी दवाखान्यांतून मोफत औषधे मिळू लागली आणि असंख्य माणसे मरणाच्या दारातून परत आली. परंतु वाचलेल्या माणसाचे वय वाढते व वयाबरोबर रक्तदाबही येतो.

याची कारणे आपण समजून घेऊ. वय, मीठ, लठ्ठपणा ही कारणे सर्वांनाच लागू आहेत. शिवाय औषधाने विषाणू दबला तरी शरीरात सूक्ष्म दाह राहतो व रक्तवाहिन्यांना इजा पोचते. डोल्युटेग्राविर या गोळीने काहींचे वजन वाढते. रिटोनाविर हे औषध रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिनचे रक्तातील प्रमाण वाढवते, तर इफाविरेन्झ ते घटवते. म्हणून दोन्ही औषधे एकाच डॉक्टरला ठाऊक हवीत.

रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो मागे पडतो. एच.आय.व्ही.च्या गोळ्या नेमाने घेणारा माणूसही पक्षाघाताने अंथरुणास खिळू शकतो. युगांडा व केनियात २०१३ पासून गावोगावच्या शिबिरांत एच.आय.व्ही., रक्तदाब व मधुमेह यांची एकत्र तपासणी झाली. तोच मार्ग आम्हांस योग्य वाटतो.

रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास उपचार टाळू नयेत. एका रोगातून सोडवून माणसाला दुसऱ्याच्या हवाली करणे, ही अर्धीच सेवा होय.